साताऱ्यात सतराचा पाढा

साताऱ्यात राहून पळता न येणे जरा अवघडच आहे. २०१२ पासून येथे यवतेश्वरच्या घाटातून हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर याच जिल्ह्यातील माण तालुक्याची आहे. पहाटे दूध आणायला बाहेर पडले तरी घाटाकडे निघालेले चार-दोन धावपटू दिसतातच. त्यामुळे शाळा सुटल्यानंतर एकदाही न पळलेल्या मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पळायचे ठरवले, तेव्हा पहिला आठवडाभर कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून साडेपाचलाच, अंधारात, मैदान गाठत होते.

पळणे म्हणजे सुटलेली एसटी गाठणे, एवढीच माझी त्या विषयातली जाण होती. साहजिकच पहिल्या दिवशी मी तशीच पळाले आणि मैदानाची अर्धी फेरी होण्याआधीच बरगडीखाली कळ येऊन कठड्याला टेकले. माझ्या छातीत दमच नाही, असा निष्कर्ष मी तेथल्या तेथे काढला. तो चुकीचा होता, हे मला मैदानावर रोज चालायला येणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी दाखवून दिले. ‘ताई, सतराचा पाढा येतो का?’ असे त्यांनी विचारले. येतो म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग पळताना मोठ्याने म्हणा. जिथे अडखळाल, तिथे वेग कमी करा.’

दुसऱ्या दिवशी सतरा त्रिक एक्कावन्नलाच माझा श्वास तुटला. वेग कमी केला, पुन्हा कमी केला, आणि पाढा सलग म्हणता येऊ लागला तेव्हा मी इतकी हळू पळत होते की शेजारून काठी टेकत चालणारे एक आजोबा माझ्या बरोबरीने येत होते. नवख्याला खरी अडचण येथेच येते असे मला वाटते. एवढ्या संथ चालीला पळणे म्हणायला आपलेच मन तयार होत नाही, म्हणून आपण वेग वाढवतो, धापा टाकतो आणि चौथ्या दिवशी घरी बसतो. बोलता येईल इतक्या वेगात स्नायूंना लागणारा प्राणवायू हृदय आणि फुप्फुसे निवांतपणे पुरवू शकतात, आणि दम वाढायचा तो त्याच वेगात वाढत जातो.

मुलाने मोबाइलवर नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम शोधून दिला. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला तो ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटरपर्यंत, या नावाने जगभर वापरला जातो. आठवड्यातून तीनच दिवस पळायचे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून झाल्यावर ६० सेकंद पळणे आणि ९० सेकंद चालणे, असे २० मिनिटे करायचे, म्हणजे प्रत्यक्ष पळणे जेमतेम ८ मिनिटांचे होते. मला ते इतके किरकोळ वाटले की तिसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा करून सुट्टीच्या दिवशीही पळू लागले, आणि तेही मुलाच्या जुन्या, एक माप मोठ्या बुटांत. दहा दिवसांत डाव्या नडगीची आतली कड अशी दुखू लागली की बोट टेकवणेही नको वाटे. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडे आणि स्नायूबंध त्या मानाने सावकाश तयार होतात, त्यामुळे छाती ‘चल’ म्हणत असतानाही पाय तयार नसतात, हे मला डॉक्टरांकडून ऐकावे लागले. दोन आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली. त्या काळात मी बूट घेतले, तेही संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पावले थोडी सुजतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे माप घेतले. बाकी कपडे, घड्याळ वगैरे कशाचाच खर्च केला नाही. जुना पंजाबी ड्रेसचा सुती कुर्ता अजून पुरतो आहे.

पाचव्या आठवड्याची भीती मात्र खरी निघाली. त्यात दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटे दोनदा पळायचे असते आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटे. आदल्या रात्री मला परीक्षेच्या आधी लागावी तशी झोप लागली, म्हणजे लागलीच नाही. सकाळी धुके होते, समोरचा अजिंक्यतारा किल्लाही दिसत नव्हता. मी मुद्दाम पहिल्या फेरीपासूनच आणखी हळू पळाले. पाढे म्हणत गेले. सतरा झाला, अठरा झाला, एकोणीस नीट येत नाही म्हणून पुन्हा सतरावर आले. बाराव्या मिनिटाला पायांनी कुरकुर केली, पंधराव्यानंतर ती आपोआप थांबली, आणि मोबाइलमधल्या बाईंनी वीस मिनिटे झाल्याचे सांगितले तेव्हा मी सतरा पंचे पंच्याऐंशीवर होते. दशकापर्यंत पाढा पूर्ण करूनच थांबले.

आता ५ किलोमीटरला मला ४३ मिनिटे लागतात. सुभेदारकाका म्हणतात, ‘घाट बघायचा का एकदा?’ मी त्यांना सांगितले आहे, आधी एकोणीसचा पाढा पाठ होऊ दे.