पल्स छान आहे म्हणे

आज चढावर अनघा मध्येच फोनवर बोलायला थांबली. "हो, हो, सांगते मग" वगैरे. स्क्रीन काळीच होती. मला दम खाता यावा म्हणून सगळं नाटक.

तिने सरळ "दमलीस का गं?" विचारलं असतं तर मी फाडकन काहीतरी बोलले असते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण हे जास्त लागलं. दम लागतो त्याचं काही नाही एवढं. माझ्यासाठी थांबावं लागतं, आणि तेही मला कळू न देता, हे बोचतं.

आणि कागदावर मी उत्तम! बसल्या जागी पल्स 74, डॉक्टर खूश. पण मी काय बसून राहायला गोळी घेते? चढ लागला की हृदयाला 'पळ' म्हणून सांगणारं ॲड्रेनालिन असतं, आणि माझी गोळी, मेटोप्रोलॉल, नेमका तोच निरोप अडवते. मग पोटऱ्या भरून येतात.

संध्याकाळी वाचत बसले. नॉर्वेमध्ये कायमचं एएफ (माझ्यासारखे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडण्याचा आजार) असलेल्या 60 जणांना चार औषधं आळीपाळीने देऊन पाहिली होती. बीटा-ब्लॉकरवर (माझं मेटोप्रोलॉल त्यातलंच) व्यायामाची ताकद घटली, डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलवर टिकली. वाचून आधी रागच आला. मग पुढचं वाचलं: हृदयाचं पंपिंग कमी असेल तर ही दोन्ही चालत नाहीत. माझ्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काय होतं ते बघायला हवं. डिगॉक्सिन तर बसलेल्या माणसाचंच औषध, धावपळीत त्याचा जोर ओसरतो. भाऊंना तेच होतं. असो.

गोळीलाच सगळं बोलूनही उपयोग नाही म्हणा. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत, खाली रक्त ढकलायचं त्यांचं काम होतच नाही. त्यात गोळीच्या आधी त्याच चढावर पल्स दीडशेच्या वर जायचा आणि मी कठड्याला धरून उभी असायचे, तेव्हा अनघा खोटे फोन करत नव्हती, घाबरून खरेच करत होती. त्यापेक्षा हे बरं. घड्याळाकडे मात्र आता बघणार नाही. ठोकेच वेडेवाकडे, तर त्याचा आकडा कितीसा खरा! चालताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं की वेग बरोबर. माझी वाक्यं लांबलचक असतात, एवढीच अडचण.

गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, एकदम तर नाहीच, हे पाठ आहे. पण डोस जरा सैल करता येईल का, हे विचारायला काय हरकत? 2010 च्या रेस-टू अभ्यासात विश्रांतीचा पल्स 110 च्या आत ठेवलेले लोक 80 च्या आत ठेवलेल्यांपेक्षा वाईट निघाले नव्हते. तर पुढच्या वेळी म्हणणार, झोपवून ईसीजी काढा खुशाल, पण मग मी जिना चढून येते, तेव्हाही मोजा. हसतील. हसू देत.