भागिले वीस

"हरलो, पण १४ षटकांतच आटोपलो, म्हणजे नेट रनरेटला फार धक्का नाही!" मॅच संपल्या संपल्या कानावर पडलेलं हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळतंय. (नेट रनरेट म्हणजे आपल्या दर षटकामागच्या धावा वजा समोरच्या संघाच्या.)

उलट आहे हो! टी-ट्वेंटीत संघ सर्वबाद झाला की भागायचं पूर्ण २० षटकांनीच. त्यांच्या २० षटकांत १६०, आपल्या १४ षटकांत सर्वबाद १२०. आपला रनरेट ८.५७ नव्हे, ६. त्यांचा ८. थेट उणे २. चौदाने भागलं असतं तर हरूनही अधिक ०.५७ निघाला असता!

आणि १८.२ षटकं कॅल्क्युलेटरवर तशीच मारू नका. दोन चेंडू म्हणजे ०.३३.

प्रत्येक सामन्याचा नेट रनरेट वेगळा काढून सरासरी घेणारेही आहेतच. तेही चूक. दोन्ही बाजूंच्या अख्ख्या मोसमाच्या धावा भागिले अख्ख्या मोसमाची षटकं, मग वजाबाकी. तुम्ही कसं मांडता?