खड्डा मे महिन्यात, झाड पावसात

झाडं लावायला यायचंय, असं कुणी म्हटलं की आमच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न असतो, "मे महिन्यात येणार का?" लागवड पावसात होत असली तरी कस लागतो तो उन्हाळ्यात. सोलापूरचं मेमधलं ऊन वेगळं सांगायला नको. सकाळी सहाला टिकाव हातात घ्यायचा आणि नऊच्या आत आवरायचं. शहराबाहेरचा वनखात्याचा हा माळ म्हणजे वर थोडी माती, खाली नुसता मुरूम. खड्डा दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल. टिकाव मुरमावर आपटला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. खड्डे उन्हात तापू द्यायचे, मग त्यात गाळाची माती, शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड.

मृगाची सर पडली की सगळ्यांना घाई होते. आमच्यासोबतचे वनमजूर काका मात्र हलू देत नाहीत. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला भरवशाचा सप्टेंबरचा. जूनमध्ये एक सर पडते आणि पुढे आभाळ कोरडं. काका खड्ड्यात हात घालतात, वीतभर खालची माती मुठीत दाबतात. गोळा झाला तर लागवड, भुगा झाला तर परत घरी.

"पिशवी ओढायची नाय, फाडायची," हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगतात. ब्लेडने उभी चीर द्यायची, तळाशी गोल गुंडाळलेली मुळं कापून टाकायची. ती तशीच राहिली तर जमिनीत गेल्यावरही गोलच फिरतात. रोप पिशवीत होतं तितकंच खोल बसवायचं, माती पायाने दाबायची, उताराच्या खालच्या अंगाला अर्धगोल आळं करायचं, त्यात वाळलेलं गवत अंथरायचं. रोपं कडुनिंब, हिवर, बोर, आपटा, पळस. शोभेचं एकही नाही. शेळ्यांसाठी भोवती बोरीचे काटे लावायचे, ते लावताना हात ओरबाडतातच.

त्यानंतरचा भाग सगळ्यात जड. लागवडीच्या दिवशी फोटोला गर्दी असते, फेब्रुवारीत पाण्याचे कॅन वाहायला मोजकेच उरतात. मला याचा मनापासून राग येतो. पहिले दोन उन्हाळे पाणी देणार नसाल तर रोप नर्सरीतच बरं.

पाण्याच्या पाळ्या सुरू व्हायच्या आधी, थंडीत एकदा आम्ही नान्नजला चालायला जातो. बार्शी रोडवरचं हे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. परवानगी काढून, वनरक्षकांसोबत, ठरलेल्या वाटेनेच चालायचं. डिसेंबरात गवत सोनेरी होतं आणि कुसळी गवताची टोकदार कुसळं मोज्यात घुसतात. एक कुसळ काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडत ते हळूहळू फिरायला लागतं. असंच फिरत त्याचं बी जमिनीत शिरतं. त्याला ना खड्डा लागतो, ना पेंड. पुढे काळविटांचा कळप दिसला की सगळी बडबड आपोआप थांबते.

मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. तेवढ्यात आमच्यातल्या एका ताईंनी वनरक्षकांना विचारलं, "साहेब, इथे एवढी मोकळी जागा आहे, पुढच्या पावसात इथंच झाडं लावू या का?"

"नको ताई. माळढोकाला लांबवरचं दिसायला लागतं. तो अंडं उघड्या जमिनीवर घालतो. झाडी वाढली की त्याची जागा गेली. काळविटाचंही तसंच, चरायला गवत हवं."

मला हे शंभर टक्के पटतं. गवताळ माळ म्हणजे पडीक रान नव्हे. म्हणून आमच्या ग्रुपचा नियम आहे की वनखातं दाखवेल त्याच उजाड मुरमावर खड्डा घ्यायचा, चांगल्या गवतात टिकाव मारायचा नाही. यंदा उन्हाळ्यात हिवराच्या शेंगा गोळा करून रोपंही आपणच करायची ठरलंय. बी टणक असतं, रात्रभर गरम पाण्यात भिजवून पिशवीत टोचायचं. ज्यांना यायचंय त्यांनी घरातल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन जपून ठेवा, आणि टोपी विसरू नका.