उटीची वाफेची गाडी दिवाळीत: फर्स्ट क्लास घेऊ नका

उटीला जाणारी वाफेची गाडी उटीला जात नाही. म्हणजे गाडी जाते, वाफ जात नाही. डोंगराच्या पायथ्याचं मेट्टुपाळयम ते वाटेतलं कुन्नूर एवढ्याच टप्प्यावर एरवी वाफेचं इंजिन असतं. कुन्नूरला ते काढून घेतात, वायडीएम-४ जातीचं डिझेल इंजिन लागतं आणि उरलेला रस्ता डिझेलच्या घरघरीत पार पडतो. रेल्वेवेड्यांना हे पाठ असतं. पण कुन्नूरच्या फलाटावर नाशिकचं एक कुटुंब भेटलं, त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या एजंटने 'स्टीम इंजिनची सफर' म्हणून उटी–कुन्नूर तिकीट गळ्यात मारलं होतं आणि पत्रकावर चित्र मात्र वाफेच्या, एक्स वर्गाच्या इंजिनाचं! मुलगा सारखा विचारत होता, "बाबा, इंजिन कुठंय?" बाबा डिझेलकडे बोट दाखवत होते आणि पोरगं काही ऐकेना. त्याचंच बरोबर होतं.

तेव्हा पहिली गोष्ट: धूर हवा असेल तर तिकीट मेट्टुपाळयमपासून काढा. नुसतं कुन्नूर–उटी टप्प्याचं 'टॉय ट्रेन' तिकीट म्हणजे डिझेल. डिझेलला माझा विरोध नाही, पण त्यासाठी कुर्ल्याहून कोइम्बतूरपर्यंत दीड दिवस कोण बसेल?

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि मेहुणा. मेहुण्याला रेल्वेचं सोयरसुतक नाही. सुट्टी होती म्हणून आला. नरक चतुर्दशीची सकाळ वाफेच्या गाडीत काढायची हा हट्ट माझा. कुर्ला–कोइम्बतूर एक्सप्रेस ठीक होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोइम्बतूरहून पॅसेंजरने मेट्टुपाळयम, स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम. मुक्काम तिथेच करा. गाडी सकाळी ७.१० ला सुटते. कोइम्बतूरला झोपून पहाटे निघू असले हिशेब दिवाळीच्या दिवशी रिक्षा न मिळाल्यावर कोसळतात.

तमिळनाडूची दिवाळी म्हणजे नरक चतुर्दशीच. आपल्यासारखीच पहाटे तेल लावून आंघोळ, नवे कपडे, मग फटाके. आम्ही उटणं आणि मोती साबण घेऊन गेलो होतो. कारीट तेवढं राहिलं. पहाटे आवरून खाली आलो तर लॉजच्या आजींनी विचारलं, "गंगास्नानम आच्चा?" गंगास्नान झालं का, हेच तिथलं दिवाळीचं अभिवादन. त्यांनी हातावर दीपावली लेगियम ठेवलं. सुंठ, मिरी, गूळ, तूप घालून केलेलं काळं, तिखट-गोड चाटण. फराळ पचावा म्हणून आधी खायचं. आम्ही त्यांना चकल्या दिल्या. फटाक्यांना तिथे सकाळी ६ ते ७ आणि रात्री ७ ते ८ एवढीच परवानगी असते, त्यामुळे आम्ही स्टेशनकडे निघालो तेव्हा अख्खं गाव त्या एका तासात सगळं उरकायच्या घाईत होतं. कानात बोळे घालून चाला.

आता तिकीट. वेटिंग लिस्टवर निघू नका. इतर गाड्यांना गर्दी वाढली की जादा डबा लागतो, इथे लागत नाही. एकास बारा चढावर हे इंजिन मोजकेच डबे ढकलू शकतं. आरक्षण उघडतं त्या सकाळीच काढा. अनारक्षित जागा मूठभर असतात आणि त्यांच्यासाठी अंधारातच रांग लागते. आम्ही पोचलो तेव्हा त्या रांगेत लोक चादर पसरून बसले होते.

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. जो तो सांगतो, फर्स्ट क्लास घ्या, सगळ्यात पुढे असतो, समोरची काच, काय तो नजारा! नजाऱ्याबद्दल ते खरं बोलतात. पण ही गाडी चढताना इंजिन मागून ढकलतं. डबे जोडणारं कपलिंग सुटलं तरी डबे दरीत धावू नयेत म्हणून इंजिन कायम उताराच्या बाजूला. म्हणजे फर्स्ट क्लासमध्ये बसलेला माणूस गाडीतल्या इतर सगळ्यांपेक्षा इंजिनापासून लांब असतो! बायको आणि मेहुणा तिथे बसले आणि त्यांना डोंगर दिसले, चहाचे मळे दिसले, इंजिनाचा फक्त शिट्टीपुरता संबंध आला. मी सेकंड क्लासच्या शेवटच्या डब्यात होतो. इंजिनाचा श्वास पाठीवर पडत होता.

शेवटचा डबा आरक्षणात निवडता येत नाही. पण फलाटावर अदलाबदल सहज होते, कारण बाकी सगळ्यांना पुढे जायचं असतं. मी पुढच्या डब्यातली खिडकी देऊन मागच्या डब्यातली खिडकी घेतली आणि समोरच्या काकांना आपण मला फसवलं असं वाटलं असावं, इतके ते खूश झाले. चढताना डावी बाजू धरा, दरी जास्त वेळ तिकडे असते. खिडकी नसेल तर मात्र हा प्रवास करू नका. बाकं आडवी, जागा चिंचोळी, मधल्या माणसाला पाच तास शेजाऱ्याचा खांदा दिसतो. डब्याडब्यांतून ये-जा करता येत नाही आणि शौचालय नाही. चहा बेताने प्या. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना हे आधी सांगा, कल्लार गेल्यावर नको.

कल्लारपर्यंतची सुरुवात सपाट आहे, सुपारीच्या बागांतून. कल्लारला गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते, कारण इथून रुळांच्या मधोमध दात्यांच्या पट्ट्या सुरू होतात आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात बरोबर बसावं लागतं. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, एकीचा दाता तिथे दुसरीची खाच. त्यामुळे चाकाचा एक तरी दाता कायम पकडीत राहतो. स्विस अभियंता रोमन आब्ट याची ही पद्धत. इंजिनाला सिलिंडर चार. सपाटीवर दोनच चालतात. दातेरी रूळ लागला की त्या दोघांत वापरून झालेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाकं फिरवतात. मागच्या डब्यात बसलं की हे वाचावं लागत नाही, कानाला कळतं. ठोका बदलतो, भरभर होतो, आणि आपण घड्याळ बघतो तर वेग ताशी १३ किलोमीटरच्या वर नाही.

आपल्या लोकांसाठी चढाचा अंदाज: बोरघाटात रेल्वेचा चढ एकास ३७ आहे आणि तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. माथेरानला एकास २०. इथे एकास १२, म्हणजे १२ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. सगळीकडे इतका खडा नाही, पण दातेरी चढ कुन्नूरपर्यंत, वीसएक किलोमीटर. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, कुन्नूर १७०० च्या वर. १८९९ साली कुन्नूरपर्यंत गाडी गेली, उटीला पोचायला १९०८ उजाडलं. २००५ पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे. प्रत्येक डब्याच्या टोकाला ब्रेकमन झेंडी घेऊन उभा असतो आणि दर डब्याचा ब्रेक वेगळा लावतो. आमच्या डब्यातल्या ब्रेकमनला मी करंजी दिली, त्याने ती टोपीत ठेवली आणि दोन्ही हात पुन्हा कामाला लावले.

एक अपेक्षा मात्र सोडून जा. कोळशाचा वास बहुधा मिळणार नाही. ही एक्स वर्गाची इंजिनं मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, पण पुढे त्यांना तेलाच्या भट्ट्या बसवल्या. त्याच नमुन्याची नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली, तीही तेलावरची. कोळशावरचं एक २०२१ मध्ये बाहेर पडलं, पण ते आपल्या वाट्याला येईलच असं नाही. आमच्या इंजिनाला स्टोव्हसारखा वास होता. मला पहिल्या पंधरा मिनिटांत राग आला, मग आवाजाने तो विसरायला लावला. बोगद्यात खिडकी लावायची की नाही यावर डब्यात मतभेद झाले. माझ्या हट्टापायी उघडी राहिली. सगळ्यांचे नवे कपडे तेलकट झाले. दिवाळीचा नवा सदरा घालून या गाडीत बसू नका, साडी तर मुळीच नको.

हिलग्रोव्हला गाडी पाणी भरायला थांबते. उतरा, इंजिनाजवळ जा, फोटो काढा, ड्रायव्हरला नमस्कार करा. वडा-कॉफी मिळते. माकडं आहेत आणि ती आपल्यापेक्षा संघटित आहेत. शंकरपाळ्यांचा डबा उघडा ठेवला तो क्षणभर, आणि संपूर्ण डबा छपरावर गेला. झाकण तेवढं परत फेकलं. फराळ स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यातच न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच, कारण नीलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि त्यात पाण्याच्या बाटल्याही येतात. धातूची बाटली घ्या.

कुन्नूरला इंजिन सुटतं ते दृश्य बघायला उतरा. लोको शेड, म्हणजे इंजिनांची शेड, तिथेच आहे. आत जायचं असेल तर आधी स्टेशनात विचारा, हातात मोठा कॅमेरा धरून सरळ घुसू नका. माझ्या दृष्टीने प्रवास इथे संपतो. पुढे वेलिंग्टन, अरुवनकाडूचा कॉर्डाइटचा (बंदुकीच्या दारूचा) कारखाना, केट्टीची दरी, लव्हडेल, सगळं सुंदर आहे, आणि मी त्यातलं निम्मं झोपून काढलं. उटीबद्दल लिहीत नाही. थंडी होती, लक्ष्मीपूजन खोलीत केलं, मेहुण्याने घोडा केला.

परतीचं सांगतो, कारण तिथे दिवाळीला जाणाऱ्याला गाठलं जातं. आपला पाऊस संपलेला असतो म्हणून आपण निश्चिंत असतो. नीलगिरीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, आणि दिवाळी नेमकी त्यात. रात्रभर कोसळला, खालच्या घाटात रुळांवर माती आणि दगड आले, दुपारी दोनची उतरायची गाडी रद्द. याला नशीब म्हणू नका, या दिवसांत हे होतच असतं. ऑनलाइन तिकीट असेल आणि पूर्ण गाडी रद्द झाली असेल तर पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी खिडकीवर भांडत बसू नका.

आम्ही दुसऱ्या डिझेल गाडीने कुन्नूरपर्यंत आलो, ती चालू होती. स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यांनी घेरलं. मेट्टुपाळयमपर्यंत साडेचार हजार. रस्ता तीसएक किलोमीटरचा. मी म्हटलं, बसने जातो. त्यातला एक टॅक्सीवाला म्हणाला, "घाट बंद, बस बंद, सगळं बंद." हे तो म्हणत असताना त्याच्या मागून मेट्टुपाळयमची पाटी लावलेली सरकारी बस उताराला लागली. मी बोट दाखवलं. तो वळून बघेना. "ती शेवटची," म्हणाला. पाठोपाठ दुसरी आली. तरीही भाव उतरला तो साडेतीनवर, आणि "दिवाळी आहे, साहेब" हे वर. दिवाळी आमचीही होती! शेजारी पुण्याचं एक जोडपं पैसे मोजत होतं. मी त्यांना बस दाखवली, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांना लुटतोय. गेले ते टॅक्सीने.

तर लक्षात ठेवा: गाडी रद्द झाली म्हणजे रस्ता बंद झाला असं नाही. ते दोन वेगळे डोंगरउतार आहेत. रस्ता खरंच बंद आहे का हे बसस्टँडवर विचारा, टॅक्सीवाल्याला नाही. कुन्नूरचा बसस्टँड स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, बसेस सारख्या सुटतात आणि तिघांचं भाडं टॅक्सीच्या चहापाण्यात बसतं. स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर मे २०२४ पासून नीलगिरीत शिरायला ई-पास लागतो, तो घरूनच काढा. बसने जाणाऱ्याला लागत नाही.

दिवाळीतच जायचं असेल तर चढायचं तिकीट काढा, उतरायचं काढू नका. उतरताना तसंही इंजिन मागे रेटत गाडी सावरतं, तो आवाज चढाच्या पासंगाला पुरत नाही. कोरडी हवा हवी असेल तर फेब्रुवारीत जा. आणि बसमध्ये पुढच्या चार बाकांतच बसा. वळणं एकामागून एक आहेत, ड्रायव्हरला घरी दिवाळी खायला जायचं असतं. मेहुणा ऐकला नाही, सगळ्यात मागे बसला, आणि घाटातल्या बुरलियार गावाच्या आधीच त्याने लक्ष्मीपूजनाचा सगळा फराळ नीलगिरीला परत केला.