तुम्ही विचारलंत म्हणून: सोडलेलं पिल्लू तुम्हाला ओळखतं का?

जखमी किंवा आईवेगळी झालेली रानातली पिल्लं वाढवून मी परत सोडते, हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला वाटत असतं, हाक मारली की ते झाडावरून उतरून खांद्यावर येऊन बसत असेल. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. त्यानं मला ओळखू नये, यासाठीच तर सगळी धडपड असते.

एकानं ओळखलं होतं. सुरुवातीच्या दिवसांतलं गव्हाणी घुबडाचं एकुलतं पिल्लू, डोळे जेमतेम उघडलेले. मी त्याला ऊब दिली, हातानं भरवलं, दिवसभर त्याच्याशी बोलले. ते छान वाढलं, उडायलाही शिकलं. मग विणीचा हंगाम आला आणि ते आपल्या वाट्याचा उंदीर चोचीत धरून माझ्याकडे आणायला लागलं. नर घुबड जोडीदारणीला असंच खाऊ आणून देतो. शेजारी दुसरं घुबड ठेवलं तर ते घाबरून कोपऱ्यात जायचं. एक पीसही मोडलेलं नसताना तो पक्षी जन्मभर पिंजऱ्यात राहिला, कारण बाहेर सोडला असता तर तो माणसांकडेच गेला असता. हे मी केलं होतं, आणि प्रेमानं केलं होतं.

याला इम्प्रिंटिंग म्हणतात. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला होता: अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलताना दिसेल, तीच आई. घुबडांत हे थोडं उशिरा आणि सावकाश घडतं, पण एकदा ठसा उमटला की सहसा पुसत नाही. म्हणूनच कॅलिफोर्निया काँडर हे अमेरिकेतले गिधाडासारखे मोठे पक्षी वाचवताना माणसं पडद्याआड लपली. 1987 साली रानातला शेवटचा काँडरही पकडून आणला, तेव्हा जगात फक्त 27 काँडर उरले होते, सगळे पिंजऱ्यात. त्यांच्या पिल्लांना काँडरच्या डोक्यासारखी कातडी बाहुली हातात घालून भरवलं गेलं. तरीही सुरुवातीला सोडलेल्यांपैकी काही पक्षी माणसांच्या आणि विजेच्या खांबांच्या फार जवळ जायचे. पुढे खोट्या खांबावर बसलं की सौम्य झटका बसेल अशी सोय करून त्यांची ती सवय मोडावी लागली.

आता मी पिल्लांजवळ बोलत नाही. पक्ष्यांना पडद्याआडून भरवते. एकटं ठेवत नाही, त्याच जातीचं दुसरं पिल्लू शोधते. उडू न शकणारं एखादं मोठं घुबड असलं तर त्याच्याकडे सोपवते. ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाढवतं. सस्तन पिल्लांचं अवघड असतं, त्यांना स्पर्शाविना जगवता येत नाही. दूध सुटेपर्यंत जवळ घ्यायचं आणि मग आपणच दूर व्हायचं. ते पिल्लू जाळीशी येऊन ओरडत असतं आणि आपण पाठ फिरवायची. हे पाठ फिरवणं मला अजून जड जातं.

सगळ्यात बरं म्हणजे पिल्लू माझ्याकडे न येणं. जमिनीवर फुदकणारं, पिसं आलेलं पिल्लू बहुधा अनाथ नसतं. आईबाप जवळपास असतात. हरणाची आणि सशाची आई पिल्लाला तासन्‌तास एकटं ठेवते. माणसाचा हात लागला म्हणून पक्षीण पिल्लू टाकते, हेही खरं नाही. मात्र जखम दिसली, मांजरानं धरलं असलं, तर खोक्यात अंधार आणि ऊब द्या, जाणकाराला बोलवा. दूधपाणी तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं.

गेल्या खेपेच्या घुबडांचा पिंजरा संध्याकाळी उघडला. खाणं तिथेच ठेवत राहिले. पहिले काही दिवस ते संपायचं, मग अर्धं उरायला लागलं, मग तसंच पडून राहिलं. एका रात्री ते काढायला गेले तेव्हा त्यांतलं एक जवळच्या फांदीवर होतं. मला पाहून त्यानं मान खाली घातली, पंख फुगवले, जोरात फूत्कारलं आणि आवाज न करता उडून गेलं.