एफर्ट पुअर

रक्त काय, पेशंट झोपेत असला तरी काढता येतं. फुंकायच्या टेस्टचं तसं नाही. पीएफटीत, म्हणजे फुफ्फुसांची ताकद मोजायच्या या टेस्टमध्ये, पेशंटने स्वतः जोर लावावा लागतो, आणि त्याने तो लावावा म्हणून माझ्यासारख्या टेक्निशियनला ओरडावं लागतं. "घ्या, घ्या, छाती भरून घ्या... आणि मारा! फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून, अजून, अजून!" बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटतं, आत भांडण चाललंय.

तरुण पोरांची टेस्ट एरवी पटकन उरकते. फुफ्फुसांची ताकद विशी-पंचविशीत सगळ्यात जास्त असते, सूचना एकदा सांगितली की कळते. म्हणून हा मुलगा लक्षात राहिला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) वय २३, मराठवाड्यातला, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. लहानपणापासून दमा. सोबत थोरला भाऊ. मी याला काही विचारावं आणि उत्तर भावाने द्यावं, असं चाललेलं.

नाकाला चिमटा लावला, माउथपीस दिला. चांगल्या फुंकेचा आलेख सुरुवातीलाच सरळ उभा चढतो, टोक गाठतो आणि मग उतरतो. याचा टेकाडासारखा गोल आला आणि दोनेक सेकंदांत संपला. दुसराही तसाच. अशा वेळी रिपोर्टवर 'एफर्ट पुअर', म्हणजे जोर कमी पडला, असा शेरा मारून पुन्हा बोलवायची पद्धत आहे. गर्दी असली की तेच होतं. पण दोन फुंकांच्या मध्ये तो सुस्कारे टाकत होता, चांगले लांबलचक, खांदे वर जाईपर्यंत. म्हणजे छाती भरत होती. बाहेर काढायची वेळ आली की जोर लागत नव्हता.

चिमटा काढून त्याला बसवलं.

"दम लागतोय का रे?"

"तसं नाही ताई. फुंकावंसंच वाटत नाही."

"नाटकं करतो ओ," भाऊ म्हणाला. "दिवसभर अंथरुणात पडून असतो."

भावाला मी केसपेपरच्या काउंटरवर पाठवलं. काम तिथे काहीच नव्हतं. मग कळलं, श्वासातून औषध घ्यायचा दम्याचा पंप दिवाळीपासून बंद आहे. का, तर "घेऊन तरी काय होणारे?" हे वाक्य दम्याच्या तरुण पेशंटकडून मी फार ऐकते. औषध महाग म्हणून सोडणारे असतात, पंपाची सवय लागेल या भीतीने सोडणारेही असतात. हा तिसराच प्रकार, आणि केसपेपरवर त्याची नोंद सहसा नसते.

पाणी प्यायला, जरा टेकला. पुढच्या खेपेला मी ओरडले नाही, त्याच्या शेजारी उभी राहून हळू आवाजात मोजत राहिले. तेव्हा कुठे आलेख आला. टोक नीट, पण उतार आत खचलेला. श्वासनलिका आवळल्या की असा येतो. अशा जुळणाऱ्या तीन फुंका मिळाल्या. पहिल्या सेकंदात २.१० लिटर हवा, त्याच्या उंचीला आणि वयाला अपेक्षित असते त्याच्या ५८ टक्के. पूर्ण श्वासाशी गुणोत्तर ०.६१. म्हणजे दमा खराच होता, आणि फुंकायची इच्छा मेली होती तीही खरी. आमच्याकडे मात्र पेशंटची वाटणी करायची सवय आहे, हा छातीचा, तो 'टेन्शनचा'. आणि तरुण मुलगी असेल तर आलेख न बघताच टेन्शनचा.

स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, श्वासनलिका मोकळ्या करणारं सॅल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम दिलं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकवलं. २.४९. १२ टक्के आणि २०० मिली वाढली तरी आम्ही चांगला फरक मानतो. इथे ३९० मिली, जवळजवळ १९ टक्के. विचारलं, "आता मोकळं वाटतंय?"

"तसंच आहे."

याच्या उलट मी रोज बघते. आकडा जागचा हलत नाही आणि पेशंट म्हणतो, वा, काय बरं वाटलं! आकडा एवढा हलला आणि माणूस जागचा हलला नाही, हे मला नवीन होतं. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये स्वतःच गेले.

मॅडमनी आधी पिशवीतल्या गोळ्या बघायला मागितल्या. माँटेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची एकत्र गोळी, सर्दीच्या नावाखाली घरोघरी असते ती. जुन्या चिठ्ठीवर दुकानदार देत राहिला, हा रोज रात्री घेत राहिला. पंप बंद, गोळी चालू. "झोप कशी लागते? स्वप्नं पडतात?" मॅडमनी विचारलं. पडत होती, घाबरून उठवणारी. माँटेलुकास्टने काही जणांना उदासी येते, वाईट स्वप्नं पडतात, जिवाचं बरंवाईट करायचे विचारही येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. आपल्याकडे ती गोळी शेंगदाण्यासारखी वाटली जाते.

मग पीएचक्यू-नाइन, नैराश्य तपासायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. त्याचे १७ आले. नवव्या प्रश्नाला, मेलेलं बरं असं वाटतं का, त्याने 'काही दिवस' वर खूण केली. भावाने तो कागद वाचला आणि त्यानंतर केबिनमध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मॅडमनी माँटेलुकास्ट थांबवलं, स्टेरॉइडचा पंप सुरू केला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवलं, तारीख देऊन नव्हे. भावाला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, रात्रीबेरात्री लागला तर.

दुपारी चहाला मॅडम सांगत होत्या, अमेरिकेत १९८५-८६ साली १८ ते ३० वयाचे पाच हजारांवर तरुण घेऊन 'कार्डिया' नावाचा अभ्यास सुरू झाला. मुळात हृदयविकारासाठी, पण फुंकायची टेस्टही होती. त्यात नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्यांना पुढे दमा होण्याचा धोका जास्त दिसला. उलट दमा असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा तसा दिसला नाही. मी म्हटलं, मग आपल्या या पोराचं काय, याला तर दमा आधी होता! मॅडम हसल्या. अभ्यास हजारोंचा असतो, म्हणाल्या, आपल्यासमोर एकच बसलेला असतो.

तीन महिन्यांनी तो आला तेव्हा ३.०५ लिटर. कशाने, ते मला सांगता येणार नाही. गोळी सुटली, पंप सुरू झाला, मानसोपचाराची औषधं लागू पडली आणि मधले दोन महिने तो गावी आईजवळ होता. सगळं एकदमच झालं. भाऊ श्रेय पंपाला देत होता. मी त्या मुलाला पंप मारून दाखवायला सांगितलं, तर तो श्वास बाहेर न सोडताच भरल्या छातीने दाबत होता. पुन्हा पहिल्यापासून शिकवलं: आधी सगळा श्वास सोड, दाबताना सावकाश आत ओढ, दहा मोजेपर्यंत धर, चूळ भर. पुढची तारीख जूनची पडली.