स्पिरिट वीकला पोरं का उतरत नाहीत, आणि कधी उतरतात

सप्टेंबर सरत आला की आमच्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत सगळं एकदमच अंगावर येतं. मंडळाच्या गणपतीचं आवरून होत नाही तोवर गरब्याच्या पासेसचे मेसेज सुरू, आणि त्यातच हायस्कूलचं होमकमिंग. ज्यांची पोरं अजून लहान आहेत किंवा जे नुकतेच इकडे आलेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी शाळेत परत यायचं, शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलची मॅच, शनिवारी डान्स. आणि त्याच आठवड्यात सोमवार ते शुक्रवार स्पिरिट वीक, रोज एक थीम, पोरांनी त्या थीमचे कपडे घालून यायचं, नववी दहावी अकरावी बारावी या चार वर्गांमध्ये पॉइंट्सची चुरस, शुक्रवारी जिममध्ये पेप रॅली म्हणजे बँड, चीअरलीडर्स, ड्रिल टीम म्हणजे शाळेचा नाचाचा संघ, आणि कान बसतील इतका आरडाओरडा.

ही पद्धत मुळात कॉलेजांची. पहिलं होमकमिंग कोणाचं यावर अजून वाद आहे, मिझुरी विद्यापीठ १९११ चं सांगतं, इलिनॉय १९१० चं, आणि आपल्या वेकोचं बेलर विद्यापीठ १९०९ चं. ऑस्टिनला जाताना आपण वेकोला कॉफी प्यायला थांबतो ना, तेच. कोणाचंही पहिलं असो, टेक्सासने ते जेवढं मनावर घेतलं तेवढं फार थोड्यांनी घेतलं असेल. इथून जवळच ॲलनच्या हायस्कूलचं स्टेडियम आहे, २०१२ साली उघडलं, १८,००० माणसं बसतात आणि खर्च झाला सुमारे ६ कोटी डॉलर. एका शाळेचं स्टेडियम! त्यामुळे इथे होमकमिंगचा आठवडा म्हणजे अख्ख्या गावाचा आठवडा असतो, किराणा दुकानात कॅशवरची बाई पण विचारते की काय ग, आज पायजमा डे ना.

मला लिहायचंय ते मात्र कपड्यांबद्दल नाही. लेक स्टुडंट कौन्सिलमध्ये आहे, म्हणजे इथली पोरं ज्याला स्टूको म्हणतात त्यात, त्यामुळे या आठवड्याची तयारी मी आतून बघते, पोस्टर रंगवायला, फुगे फुगवायला, पिझ्झा आणून द्यायला जाते. आणि दरवर्षी त्यांच्या मीटिंगमध्ये एकच रडगाणं असायचं, की पार्टिसिपेशन नाही. सीनिअर्स, म्हणजे बारावीचे, हौसेने सगळं करतात कारण त्यांचं शेवटचं वर्ष, फ्रेशमन म्हणजे नववीचे मात्र भिंतीला चिकटून उभे. पायजमा डेला बऱ्यापैकी गर्दी, आणि बुधवारच्या डेकेड्स डेला, म्हणजे सत्तर ऐंशीच्या दशकातले कपडे घालायचे त्या दिवशी, एकेका वर्गात दोन-चार टाळकी. मग कोणीतरी म्हणणार की आजकालच्या फ्रेशमनमध्ये स्पिरिटच नाही.

मला हे वाक्य अजिबात पटत नाही. चौदा वर्षांचं पोर सकाळी बसमध्ये चढतं तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, मी एकटाच असा दिसलो तर. बास. बाकी सगळं त्यानंतर. ज्याला चार घट्ट मित्र आहेत त्याला तो प्रश्न पडतच नाही कारण रात्रीच ग्रुपवर ठरलेलं असतं, उद्या सगळे येतायत ना रे, हो येतोय. ज्याला ग्रुपच नाही त्याने काय बघून ठरवायचं? तो साधा टीशर्ट घालून येतो आणि आपण म्हणतो याच्यात स्पिरिट नाही.

स्टूकोच्या पोरांनी एका वर्षी शहाणपणा केला, सरळ एक फॉर्म काढला, नाव लिहायचं नाही, फक्त का भाग घेत नाही ते लिहा. उत्तरं वाचताना मी तिथेच होते. घालायला काही नाही आणि एका दिवसासाठी विकत घ्यायला घरी सांगवत नाही, हे खूप जणांचं. कधी काय आहे ते कळलंच नाही हेही बरंच, कारण सगळी माहिती इन्स्टाग्रामवर आणि सगळ्यांकडे इन्स्टाग्राम नाही, विशेषतः आपल्या देशी घरांत. आणि मग ते एकटं पडण्याचं, वेगवेगळ्या शब्दांत, पुन्हा पुन्हा. एकाने लिहिलं होतं की मला ट्विन डेला ट्विन नाहीये. एवढंच. ते वाचून टेबलाभोवतीच्या सगळ्या पोरी गप्प झाल्या, कारण ट्विन डे हा त्यांचा सगळ्यात लाडका दिवस.

खरंच विचार करा, ट्विन डे म्हणजे दोघांनी एकसारखे कपडे घालून यायचं. जिला जिवलग मैत्रीण आहे तिला मज्जाच. पण जो गेल्या महिन्यात हैदराबादहून किंवा पुण्याहून येऊन दाखल झालाय, ज्याचं लंच सुद्धा लायब्ररीत होतं, त्याच्यासाठी तो अख्ख्या वर्षातला सगळ्यात वाईट मंगळवार. चार हजार पोरांची शाळा असो की चारशेची, त्या दिवशी कोणाला कोणी नाही ते कॉरिडॉरमध्ये सरळ दिसतं.

तर त्यांनी काय केलं, ट्विन डे काढून नाही टाकला, फक्त म्हटलं की पांढरा टीशर्ट आणि जीन्स, सगळेच ट्विन. ज्यांना आपापसात वेगळं काही करायचंय त्यांनी करा, पण पांढरा टीशर्ट घातला की तुम्ही ट्विनमध्ये धरले गेलात. पांढरा टीशर्ट कोणाकडे नसतो? आणि बँड डिरेक्टरना, फुटबॉलच्या कोचना, कॅफेटेरियातल्या मावशींना, ऑफिसच्या लोकांना आधीच जाऊन सांगून आले की तुम्ही पण घाला. मी त्या दिवशी सकाळी फोटोसाठी कागदी चौकट धरून दारात उभी होते. एक मुलगा, सडपातळ, पाठीवर भली मोठी सॅक, पांढऱ्या टीशर्टवर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. दारातून आत आला, इकडे तिकडे बघितलं, कॉरिडॉर पांढराच पांढरा, व्हाइस प्रिन्सिपल पांढऱ्यात, आणि मग त्याने चालता चालता ती चेन हळूच खाली ओढली. ट्रंपेटवाल्या पोरांचा घोळका फोटो काढत होता, त्यातला एक ओरडला, ए ट्विन, इकडे ये! आणि तो गेला. त्याचं नाव मला माहीत नाही. पण त्या आठवड्यातल्या उरलेल्या दिवशी तो मला त्या घोळक्याच्या आसपासच दिसला.

मला विचाराल तर पार्टिसिपेशनचं सगळं काम एवढंच आहे, पोराला दारातून आत येण्याआधी खात्री वाटली पाहिजे की आत आपल्यासारखे आणखी आहेत. म्हणून मोठी माणसं आधी उतरली पाहिजेत. गणिताच्या बाई पायजमा आणि फरच्या सपाता घालून डेरिव्हेटिव्ह शिकवतात ना, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराचा अर्धा संकोच तिथेच जातो. मग थीम अशी पाहिजे की जे घरात आहे त्यात भागेल, पायजमा, जर्सी, वर्गाचा ठरलेला रंग. दप्तर सोडून कशातही वह्यापुस्तकं आणा असा एक दिवस मध्यंतरी फार चालला होता, पोरं लाँड्री बास्केट, कूलर, बाळाची बाबागाडी, एकाने तर कुंडी आणली होती, एक पैसा खर्च नाही आणि ज्याला कपड्यांची लाज वाटते तोसुद्धा सामील. काही शाळांनी सुरक्षेच्या कारणाने तो बंद केला, पण कल्पना छान होती. आणि तिसरं, सूचना सगळ्यांपर्यंत पोचवा, नुसत्या इन्स्टावर नको, सकाळच्या अनाउन्समेंटमध्ये, कागदावर, स्पॅनिशमध्ये पण.

आमच्या वेळी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात डेज असायचे ते आठवतात. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगच्या आधी, साडी डे, ट्रॅडिशनल डे, टाय डे. मावशीची साडी, वहिनीचं ब्लाऊज टाचण्या लावून, कोणीच काही विकत आणायचं नाही, उसनवारीवरच सगळा थाट. त्यामुळे वर्गातल्या बहुतेक पोरी साडीत दिसायच्या, ज्यांच्या घरी हातातोंडाची गाठ होती त्यासुद्धा. इथे पोरं उसनं मागत नाहीत, संकोचतात, म्हणून शाळेत एक कपाट केलंय, आदल्या वर्षीच्या बाहेर पडलेल्या मुलांनी ठेवून गेलेल्या जर्सी, काउबॉय हॅट, चेक्सचे शर्ट. हवं ते न्या, शुक्रवारी आणून टाका, कोणी नाव लिहून घेत नाही. ते नाव न लिहिणं फार महत्त्वाचं.

आता मम. टेक्सासच्या बाहेर राहणाऱ्यांना हे सांगूनही खरं वाटत नाही. मम म्हणजे शेवंतीचं फूल, पूर्वी मुलगा मुलीला होमकमिंगला खरं फूल द्यायचा, खांद्याजवळ लावायला. मग कापडी फुलं आली, आणि वाढत वाढत आता छातीपासून गुडघ्यापर्यंत रिबिनी, त्यात घुंगरं, गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या घंटा, मधोमध टेडी बेअर, लाइटच्या माळा, दोघांची नावं चमकीच्या अक्षरांत. पिनने कुठला पेलवतोय, गळ्यात पट्टा घालून अडकवतात. मुलांसाठी लहान, दंडावर बांधायचा, त्याला गार्टर म्हणतात. साधारण शाळेच्या रंगात करतात, सीनिअर झालं की पांढरा-रुपेरी. तयार घ्यायला गेलं तर शंभर दोनशे डॉलर सहज, आणि हौसेला मोल नाही म्हणत त्याच्याही वर.

पार्टिसिपेशनचा प्रश्न इथे सगळ्यात टोचतो, कारण मम कोणीतरी द्यावा लागतो. गळ्यात आहे की नाही ते शुक्रवारी अख्ख्या शाळेला दिसतं. लेकीच्या मैत्रिणींनी ठरवलं की मुलगा विचारेल याची वाट बघायची नाही, आपण एकमेकींसाठी करायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर रविवारभर ग्लू गन, रिबिनींची रिळं, स्टेपलर आणि चमकी. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, व्हिसाचे सहा महिने. त्या पोरींना रिबिनींच्या वेण्या घालायच्या होत्या, यूट्यूब बघून बघून गुंता चाललेला. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं, मग चष्मा लावला, रिबिनीचं टोक कपाटाच्या मुठीला बांधलं आणि उभ्या उभ्या पाचपेडी घालायला लागल्या, चार पदर पांढरे, एक रुपेरी, इतकी सपाट आणि एकसारखी की पोरी तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. एक कोरियन, एक मेक्सिकन, एक आपली तेलुगू आणि आमची, चौघींना त्यांनी मराठीतच शिकवलं, हा वर, हा खाली, ओढून धर. शुक्रवारी चारही मम पेप रॅलीत होते. लेकीने फोटो पाठवला तो सासूबाईंनी सातारच्या सगळ्या नातेवाईकांना पाठवला.

आता आपल्या देशी पालकांशी जरा बोलायचंय, मनापासून. हा सगळा टाइमपास आहे, रँक जाईल, हे मी दर वर्षी ऐकते. रँकची भीती का आहे ते मला कळतं. १९९७ च्या कायद्याने टेक्सासमध्ये वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश, यूटी ऑस्टिनला, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, ते प्रमाण त्याहून कमी, २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्के. त्यात ऑक्टोबरमध्ये पीएसएटी, कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची सराव परीक्षा. आमच्या भागात एकापेक्षा एक हुशार पोरं, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर रँक फिरतो. पण पायजमा घालून शाळेत गेल्याने कुठलाच आकडा फिरत नाही हो. अभ्यास सुटेल म्हणत असाल तर इथे १९८४ पासून नो पास नो प्ले आहे, विषयात ७० च्या खाली गेलं की बँड असो की फुटबॉल, स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे शुक्रवारी रात्री मैदानावर दिसणारी बहुतेक पोरं पास होऊनच तिथे आलेली असतात.

आणि मॅचचा शुक्रवार नेमका गरब्याच्या शुक्रवारी आला तर भांडू नका. आमच्याकडे आलाच होता. लेक हाफ टाइमपर्यंत मॅचला थांबली, मग गाडीतच चनिया चोळी, केसांत शाळेच्या रंगाची चमकी तशीच, आणि सोबत ती कोरियन मैत्रीण आमच्याच कपाटातली ओढणी घेऊन. दोन्हीकडे नाचल्या. शनिवारी डान्सला पाय दुखत होते म्हणे, तरी गेल्या.

यंदाच्या थीम्सचं मतदान ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली की लगेच आहे, नववीच्या पोरांना सुद्धा मत आहे, त्यांना ते माहीत नसतं म्हणून घरी सांगा. मम घरी करणार असाल तर पांढरी आणि रुपेरी रिबीन ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुकानातली रिळं संपतात आणि मग हिरवी न् गुलाबीच उरते. ग्लू गनच्या कांड्या वाटतात त्याच्या दुप्पट लागतात. आणि कपाटात क्रिकेटच्या जुन्या जर्सी पडल्या असतील, भारताच्या, मुंबईच्या, चेन्नईच्या, कुठल्याही, तर मला कळवा, जर्सी डेसाठी शाळेच्या कपाटात ठेवायच्यात. लहान साइजच्या जास्त हव्यात, फ्रेशमन अंगाने बारीक असतात.